कोळसा उगाळावा तितका काळा: डोक्यातले तेच ते विचार आणि बिघडलेलं खाणं

गणपतीत आमचं घर भरलेलं असतं. मुंबईहून आलेले चाकरमानी, पडवीत चपलांचा ढीग, मागच्या दारी विळीवर नारळ खवत बसलेल्या बायका. त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. मुंबईत हॉस्टेलवर राहून शिकत होते आणि दहा महिन्यांनी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी आले होते. ओटीवर पाऊल टाकते तोच शेजारची काकी कौतुकानं म्हणाली, "किती सुटलंस गो बाय!" सगळे हसले, मीही हसले. काकी लगेच उकड मळायला बसली आणि आपण काय बोललो ते विसरूनही गेली.

माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य पुढची चार वर्षं गेलं नाही.

त्या दुपारी पानावर पाच मोदक वाढले होते. मी एक खाल्ला आणि पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. रात्रीही जेवले नाही. माजघरात चुलत बहिणींच्या रांगेत अंथरुणावर पडले आणि सुरू झालं. काकी असं का म्हणाली? म्हणजे सगळ्यांनाच दिसतंय. आपसात बोलतही असतील. माझाच माझ्यावर ताबा नाही. बाकीच्या मुलींना जमतं ते मला का जमत नाही? आणि पुन्हा पहिल्यापासून, काकी असं का म्हणाली? दोन वाजता उठून स्वयंपाकघरात गेले. दिवा न लावता पातेल्यावरचं झाकण उचललं. थंड झालेले, एकमेकांना चिकटलेले मोदक उभ्या उभ्याच गिळत गेले. तूप नाही, चव नाही. एक गोष्ट पक्की आठवते. खात होते तेवढा वेळ डोक्यातला आवाज बंद होता. झाकण परत ठेवलं आणि तो दुप्पट जोरानं सुरू झाला.

आज मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी वर्गात एखाद-दोन मुली अशा दिसतात, की त्यांच्या डब्याकडे बघून मला ते पातेलं आठवतं. अलीकडे मुलगेही दिसतात. त्यांच्या घरचे म्हणतात, "नखरे आहेत," नाहीतर "हावरटपणा आहे." यातलं काहीही नसतं. जे असतं त्याचा बराच अभ्यास झालेला आहे आणि तो समजायला अवघड नाही.

मराठीत या विचारांसाठी फार नेमका शब्द आहे: उगाळणं. "झालं ते झालं, आता उगाळत बसू नकोस" हे आपण रोज म्हणतो. माझी आजी बाळगुटी उगाळायची तेव्हा मी सहाणेजवळ बसून बघायचे. वेखंडाचे इतके वळसे, हळकुंडाचे इतके, आणि जायफळाचे अगदी मोजून, कारण जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगून पडतं. (बाळगुटी देऊ नका असं आता डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकावं.) आजीचं उगाळणं मोजलेलं होतं, त्याला शेवट होता. मी अंथरुणात जे उगाळत होते त्याला ना मोजमाप होतं ना शेवट. म्हणीत म्हटल्याप्रमाणे तो कोळसा होता, उगाळावा तितका काळा.

मानसशास्त्रात याला 'रिपिटेटिव्ह निगेटिव्ह थिंकिंग' म्हणतात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे नकारात्मक विचार. त्याच्या दोन मोठ्या शाखा आहेत. झालेल्या गोष्टी उगाळणं ही एक आणि न झालेल्या गोष्टींची काळजी करत बसणं ही दुसरी. थॉमस एरिंग आणि एडवर्ड वॉटकिन्स या संशोधकांनी 2008 मध्ये असं मांडलं, की या दोन्हींच्या मुळाशी प्रक्रिया एकच आहे आणि ती कुठल्या एका आजाराची मक्तेदारी नाही. नैराश्यात ती असते, चिंतेच्या आजारात असते, तशी खाण्याच्या विकारांतही असते. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. विचार तोच तोच येतो, न बोलावता येतो, त्यातून बाहेर पडणं जड जातं, आणि तासभर विचार करूनही हाती काही लागत नाही.

ही शेवटची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण उगाळणाऱ्याला आतून वाटत असतं की आपण प्रश्न सोडवतोय. होडीवाला रात्री अंगणात बसून विचार करतो की भरती कधी, वारा कुठला, जाळं कुठे टाकायचं. अर्ध्या तासात त्याचं ठरतं आणि तो झोपतो. खऱ्या विचाराचा शेवट असा काहीतरी ठरण्यात होतो. "मी अशीच का आहे?" या प्रश्नावर रात्रभर जागलं तरी सकाळी काही ठरलेलं नसतं. वॉटकिन्स यांच्या कामाचा गाभा हाच आहे. 'का' विचारणारा, हवेतला, सगळ्या आयुष्याला एकदम हात घालणारा विचार माणसाला खाली ओढतो. 'कसं', 'कधी', 'आत्ता काय' असं विचारणारा, हातात धरता येईल असा विचार बाहेर काढतो. विषय दोन्हीकडे तोच असू शकतो.

आता खाण्याकडे येऊ. खाण्याच्या विकारांत तीन नावं मुख्य आहेत. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं धोकादायक पातळीपर्यंत कमी करतो. बुलिमियात खा-खा सुटते आणि मग ते खाल्लेलं 'फेडण्यासाठी' उलट्या, जुलाबाची औषधं, कडक उपास किंवा अंगावर येईल इतका व्यायाम सुरू होतो. तिसरा विकार बिंज ईटिंगचा. यात खा-खा सुटते, नंतर घृणा आणि शरम येते, पण ते 'फेडणं' नसतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत त्याला स्वतंत्र आजार म्हणून 2013 मध्ये जागा मिळाली. या तिन्हींच्या अलीकडे एक मोठा पट्टा आहे. तिथली माणसं कुठल्याच निदानात बसत नाहीत, पण त्यांचं खाणं बिघडलेलं असतं आणि दिवस त्यात वाहून जातो. माझी सगळी चार वर्षं याच पट्ट्यात गेली.

विचार आणि खाणं यांची गाठ कुठे बसते? पहिली गाठ त्या पातेल्यापाशीच आहे. टॉड हेदरटन आणि रॉय बॉमायस्टर यांनी 1991 मध्ये खा-खा सुटण्याचा एक खुलासा दिला. स्वतःकडे सतत कठोर नजरेनं बघत राहणं असह्य होतं, तेव्हा माणूस त्या नजरेपासून पळतो. लक्ष आकसून फक्त हातातल्या घासावर येतं, 'मी कशी आहे' हा प्रश्न तेवढ्यापुरता विझतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. चव का लागली नव्हती ते मला पहिल्यांदा कळलं. मला मोदक नको होते, शांतता हवी होती. आणि त्या शांततेची किंमत म्हणून दुसऱ्या दिवशी उगाळायला एक नवा कोळसा मिळायचा, "काल रात्री मी काय केलं!"

दुसरी गाठ उलट्या बाजूनं बसते आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. उपाशी राहिल्यानं विचार वाढतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अँसेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. लढाईवर जायला तत्त्वासाठी नकार दिलेले हे तरुण स्वखुशीनं आले होते. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे शोधायचं होतं. त्यासाठी या तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांना ना वजनाची चिंता होती, ना कोणी त्यांना 'सुटलंस' म्हटलं होतं. तरी हळूहळू त्यांच्या डोक्यात जेवणाशिवाय काही उरलं नाही. पाककृतींची पुस्तकं ते कादंबरीसारखी वाचू लागले, स्वप्नं जेवणाची पडू लागली, ताटातला घास तासभर पुरवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावरही काही जणांची खा-खा कित्येक दिवस थांबली नाही.

म्हणजे एकोणिसाव्या वर्षी मी दुपारचं आणि रात्रीचं जेवण टाळून अंथरुणावर पडले, तेव्हा माझ्या मेंदूत अन्नाचेच विचार घोळणार हे ठरलेलंच होतं. मी त्याला माझा दुबळेपणा समजले.

तिसरी गाठ म्हणजे विचार दाबणं. 1987 मध्ये डॅनिएल वेग्नर यांनी लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. कोणालाच नीट जमलं नाही. नंतर 'आता खुशाल करा' असं सांगितल्यावर, ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांच्या डोक्यात अस्वल जास्तच आलं. कोकणात यासाठी अस्वल आणायची गरज नाही. श्रावणात ज्या घरी मासे बंद असतात, तिथे महिनाभर बोलणं कसलं चालतं ते ऐकावं. एरवी ताटातल्या बांगड्याकडे न बघता जेवणारा माणूसही 'आणखी किती दिवस राहिले' हे बोटावर मोजतो. श्रावणाला शेवट आहे, म्हणून ते गोड आहे. 'भात आयुष्यभर बंद' असा नेम स्वतःशी करणाऱ्याच्या डोक्यात भाताचा श्रावण कधी संपत नाही.

मग आधी काय येतं, विचार की बिघडलेलं खाणं? सुझन नोलन-होक्सेमा यांनी उगाळण्याच्या सवयीवर आयुष्य घालवलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 496 किशोरवयीन मुलींना चार वर्षं, दर वर्षी भेटून प्रश्न विचारले. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुली जास्त उगाळायच्या त्यांच्यात पुढे बुलिमियाची लक्षणं वाढली, आणि ज्यांच्यात ती लक्षणं होती त्यांचं उगाळणंही पुढे वाढलं. म्हणजे वाट दोन्हीकडून चालू आहे. असे वेगवेगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले तरी खाण्याचे विकार असलेल्यांत काळजी आणि उगाळणं, दोन्ही इतरांपेक्षा जास्त दिसतात, विकार कुठलाही असो. याचा अर्थ उगाळणं हेच एकमेव कारण असा होत नाही. अनुवंश असतो, घरातलं वातावरण असतं, छळ झालेला असतो, चिडवणं असतं. पण यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या हाताबाहेरच्या आहेत. उगाळण्याची सवय त्यामानानं हाताला लागते, म्हणून मी तिच्यावर एवढी थांबले आहे.

विचारातला मजकूर कुठून येतो, हाही प्रश्न आहेच. अ‍ॅन बेकर यांनी फिजी बेटांवर केलेलं काम मला किनाऱ्यावरची म्हणून विशेष जवळचं वाटतं. तिथे भरलेलं अंग हे चांगल्या घराचं लक्षण मानत, बारीक होणाऱ्या माणसाची नातेवाईकांना काळजी वाटे. ज्या भागात त्या काम करत होत्या तिथे 1995 मध्ये टीव्ही आला. त्या वर्षी आणि नंतर 1998 मध्ये त्यांनी शाळकरी मुलींना खाण्याविषयीची एक प्रश्नावली दिली. बिघडलेल्या खाण्याकडे बोट दाखवणारे गुण आधी 12.7 टक्के मुलींना होते, तीन वर्षांनी 29.2 टक्के मुलींना. अभ्यास लहान होता, दोन्ही वेळा मिळून सव्वाशेच्या आसपास मुली. तरी वाचताना मला आमचीच ओटी दिसली. माझ्या आईच्या लहानपणी मुंबईहून आलेल्या मुलीला म्हातारी माणसं म्हणत, "किती वाळलंस गो!" आणि पानात आणखी एक घावण पडायचा. आता तीच ओटी, तीच माया, आणि वाक्य उलटं झालंय. काकीलाही ते कुठून आलं हे ठाऊक नसणार.

आपल्याकडची एक गोष्ट आणखी सांगायला हवी, कारण बाहेरच्या पुस्तकांत ती सापडत नाही. आपल्या घरात न जेवण्याला एक पवित्र नाव आहे. "आज माझा उपास आहे" म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. श्रद्धेनं केलेल्या उपासाविषयी मला आदर आहे, माझी आई आजही संकष्टी करते. पण ती चंद्रोदयाची वाट बघते आणि मग समाधानानं जेवते. एखादी मुलगी सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार धरू लागली, उपास सोडायच्या वेळी नेमकी अभ्यासाला बसू लागली, उपासाचंही खाईना, तर तिथे देव नाही. मी स्वतः दोन वर्षं चार वार धरले होते. घरात माझं कौतुक होत होतं.

यातून बाहेर कसं यायचं? मी पहिल्यांदा धीर करून मुंबईत एका डॉक्टरांना सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, "इच्छाशक्ती वाढव." ते वाक्यही मी सहा महिने उगाळलं. नंतर एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले. काकी बरोबर की चूक, मी जाड की बारीक, यात त्या शिरल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, "हे डोक्यात कधी सुरू होतं आणि किती वेळ चालतं?" एक शंभर पानी वही दिली. खाल्लं ते, वेळ, आणि विचार सुरू झाल्याची वेळ, एवढंच लिहायचं. वजन लिहायचं नाही. तीन आठवड्यांनी आम्ही ती वही उघडली. खा-खा सुटलेल्या जवळजवळ प्रत्येक रात्रीच्या वर, माझ्याच अक्षरात, 'दुपारी जेवले नाही' असं लिहिलेलं होतं. मी ते रोज लिहीत होते आणि एकदाही वाचलं नव्हतं.

म्हणून उपचाराची सुरुवात पोटापासून होते. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या विकारांसाठी जी विचार-वर्तन उपचारपद्धती बसवली, तिच्यातलं सुरुवातीचं मोठं पाऊल आहे नेमानं खाणं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक लागो न लागो, कालची रात्र कशीही गेलेली असो. आमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर सकाळी पेज किंवा घावणे, अकराला केळं, दुपारी भात आणि तिखलं, चारला चहाबरोबर लाडू, रात्री जेवण. काल रात्री जास्त खाल्लं म्हणून सकाळची पेज सोडायची नाही, हा सगळ्यात कठीण नियम होता. मला तो पाळायला दोन महिने लागले. फार वजन उतरलेलं नसेल तर हे उपचार साधारण 20 आठवडे चालतात, वजन खूप उतरलं असेल तर त्याच्या दुप्पट. अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या कोवळ्या वयाच्या मुलांसाठी आईवडिलांना बरोबर घेऊन केलेले उपचार चांगले लागू पडतात.

विचारांसाठी त्या बाईंनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, 'का' आला की त्याला 'आत्ता काय' मध्ये बदलायचं. "मी अशी का?" याच्या जागी "शेवटचं कधी खाल्लं? आता कुठे बसले आहे? पुढची दहा मिनिटं हाताला काय काम?" सुरुवातीला हे फार बाळबोध वाटतं, तरी करायचं. दुसरी गोष्ट आजीच्या सहाणेसारखी आहे, मोजून उगाळायचं. काळजीला दिवसातला एक ठरलेला अर्धा तास द्यायचा. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही पद्धत तपासली होती. बाकी वेळी विचार आला तर त्याला हाकलायचं नाही, नाहीतर ते अस्वल होतं. त्याला सांगायचं, संध्याकाळी पाचला ये. मी पाचला मागच्या पायरीवर वही घेऊन बसायचे. निम्मे विचार यायचेच नाहीत, आणि आले ते सकाळइतके मोठे नसायचे.

घरच्यांना एवढंच सांगते: ताटावर नजर ठेवू नका, अंगावर बोलू नका, वाईटच काय, चांगलंही नको. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे वाक्य आजारी मुलीला आजारातच ठेवतं. माझ्या आईला हे सगळं शास्त्र ठाऊक नव्हतं. ती फक्त ठरलेल्या वेळी दारात येऊन म्हणायची, "बाय, जेवाक चल," आणि माझ्या शेजारी बसून जेवायची. जेवताना ती काजूचे दर, विहिरीचं पाणी, कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, असलं काहीतरी बोलायची.

काही वेळा मात्र वही आणि आई पुरत नाहीत. वजन झपाट्यानं उतरत असेल, चक्कर येत असेल, पाळी थांबली असेल, उलट्या किंवा जुलाबाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टर. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अ‍ॅनोरेक्सिया हा मनाच्या आजारांपैकी सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत मोडतो. मरून जावंसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की लोक अजून आवाज खाली करतात, पण तिथेही, जिल्हा रुग्णालयातही, अशा त्रासासाठी जाता येतं. घरातून निघणं शक्य नसेल तर सरकारची टेलीमानस सेवा आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून 14416 या नंबरवर ती चालू आहे. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

पहिलं वाक्य काय बोलावं ते सुचत नाही म्हणून पुष्कळ जण फोनच लावत नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीनं तीन वेळा लावून ठेवून दिला होता. चौथ्या वेळी आम्ही स्टाफरूमच्या मागे, चिंचेखाली, एका कागदावर लिहून घेतलं: "मला माझ्या खाण्याबद्दल बोलायचंय, आणि डोक्यातले विचार थांबत नाहीत." तिनं तेवढंच वाचून दाखवलं. पुढचं पलीकडून विचारलं गेलं.